आजीबाई, हे अक्षर लॅटिन का?

एका विद्यार्थिनीला गळ्यात घालायला क्रूस दिला जातो. देणाऱ्या बाई तिच्या धर्ममाता आहेत, प्रेमाने देतायत. क्रूसावर काही शब्द कोरलेत, लॅटिनमध्ये. विद्यार्थिनी क्रूस घ्यायला नकार देत नाही, पण पत्र लिहून विचारते की हे लॅटिन का? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या लोकांना तर नाहीच नाही. आमच्याकडे ब्राह्मणांना वाटतं की संस्कृत ही देवाची भाषा, तसं तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं की काय? तसं असेल तर मग आमच्या संस्कृतनेच काय वाईट केलंय?

पत्र इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावातून वॉन्टेजच्या मठात गेलं. काळ १८८४-८५चा. लिहिणारी विद्यार्थिनी पंचविशी ओलांडलेली, विधवा, एका लहान मुलीची आई. नाव रमाबाई. पत्र ज्यांना लिहिलं त्या सिस्टर जेराल्डीन. भांडणाच्या पत्रांतही रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. धर्माच्या नात्याने जेराल्डीन त्यांच्या आई, म्हणजे रमाबाईंच्या लेकीच्या, मनोरमेच्या, आजी. आईला लेकीच्या नात्याने हाक मारायची, ही आपल्याकडच्या घराघरातली सवय त्यांनी सातासमुद्रापार नेली होती.

पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या एका परिच्छेदात. संस्कृत पंडिता, शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. आमच्या संडे स्कूलमध्ये त्या भेटल्या त्याही एकाच रंगात, प्रार्थना करणाऱ्या, दुष्काळातल्या मुलींना जवळ करणाऱ्या संत बाई म्हणून. दोन्हीकडे मधली दोन वर्षं गायब. १८८४ आणि १८८५. या दोन वर्षांत रमाबाई नव्याने ख्रिस्ती झालेल्या एक कॉलेज विद्यार्थिनी होत्या, आणि त्यांच्या श्रद्धेचं सगळं काम प्रश्न विचारण्यात चाललं होतं.

मला ही दोन वर्षं जवळची वाटतात त्याला एक कारण आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलवर ख्रिस्ती मुलांचा एक प्रार्थना-गट होता. बुधवारी रात्री मेस झाली की एका खोलीत जमायचो. गिटार, दोन गाणी, एक वचन, मग प्रत्येकाने प्रार्थना. मला तिथे मनापासून बरं वाटायचं. एकदा मी त्रैक्याबद्दल काहीतरी विचारलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एक कसे, हे मला खरंच कळत नव्हतं. गट चालवणारा सिनिअर म्हणाला, ‘प्रश्न पडतायत म्हणजे कुठेतरी पाप लपलंय, उपवास करून बघ.’ मी दोन बुधवार उपवास केला. तिसऱ्या बुधवारी गेलोच नाही. पुढे बरीच वर्षं मी देवाशी बोललो ते असं, की जणू काही त्याचा एक फोन चुकवलाय आणि आता उलटा फोन करायची लाज वाटतेय.

रमाबाईंची पत्रं हाती आली ती नोकरी लागल्यावर. एका रिलीजच्या रात्री टेस्ट चालू होत्या आणि हाताला काम नव्हतं. फोनवर वाचायला घेतली आणि पहाटेपर्यंत सोडवली नाहीत. ही पत्रं जेराल्डीननीच जपून, लावून ठेवली होती. अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ साली इंग्रजीत छापली.

*

आधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर त्या क्रूसावरच्या लॅटिनचा राग कळणार नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण आणि मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. बायकोने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, ते पुढे मुलीला शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थातीर्थांतून फिरायचं. जे होतं ते दानधर्मात गेलं, आणि १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण काही महिन्यांत गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या मुलीने देवासाठी जे जे करायला सांगितलं होतं ते सगळं केलेलं होतं. उपास, स्नानं, प्रदक्षिणा, दक्षिणा. आईवडील ते करता करता गेले. आणि ज्या शास्त्रांचे हजारो श्लोक तिला पाठ होते त्यांत तिला बाईच्या मोक्षाबद्दल जे सापडलं त्याने तिचं समाधान झालं नाही. केशवचंद्र सेनांनी वेद हातात ठेवून वाच म्हटलं, तेव्हा ती आधी बिचकली, कारण बाईने वेद वाचायचे नसतात हे तिला शिकवलेलं होतं. धर्माच्या नावाने कुणीतरी मध्ये उभं राहतं आणि म्हणतं की इथून पुढे तुला नाही. हा अनुभव तिने पुस्तकात वाचला नव्हता, अंगावर घेतला होता.

भाऊ १८८०मध्ये गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला, ही ब्राह्मण. आसामात सिलचरला संसार. तिथे घरातल्या पुस्तकांत तिला एक बारीकसं बंगाली पुस्तक सापडलं. लूकचं शुभवर्तमान. ते घरात आलं कसं हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन उत्पत्तीचं पुस्तक समजावून सांगायला लागले, तिला ते आवडलं, नवऱ्याला नाही. पण वाद वाढायला वेळच मिळाला नाही. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

त्याच वर्षी पुणं. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक. पुण्यात त्या इंग्रजी शिकल्या, आणि नेहेम्या गोरे यांच्याशी बोलल्या. गोरे स्वतः काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. शास्त्राने शास्त्राला उत्तर द्यायचं ही भाषा दोघांनाही येत होती. डॉक्टर व्हायचं म्हणून रमाबाई १८८३मध्ये लेकीला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. पुस्तकाच्या विक्रीचे पैसे भाड्याला कामी आले. उतरल्या वॉन्टेजला, अँग्लिकन सिस्टरांच्या मठात. या सिस्टरांची एक शाखा पुण्यात काम करत होती. राहण्याजेवणाच्या बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं, असा व्यवहार ठरला. बाई कुणाच्या उपकारावर राहायला तयार नव्हत्या.

सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे एक आश्रय होता. ज्या बायकांकडे आपल्याकडे कुणी पाहतही नसे, त्यांची सेवा चांगल्या घरातल्या बायका करत होत्या, आणि तिथे आलेल्या काही बायका स्वतःच दुसऱ्यांची सेवा करायला लागल्या होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या त्या बाईशी येशू भर दुपारी धर्मावर चर्चा करतो. ही गोष्ट त्यांना खोल लागली. २९ सप्टेंबर १८८३ला वॉन्टेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात गहजब उडाला. कालपर्यंत जिचं कौतुक चाललं होतं तिच्यावर फसवणुकीचा आरोप झाला. बाजूने बोलणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

आनंदीबाई भगतांबद्दल मात्र सगळेच भराभर पुढे जातात, आणि मलाही काय लिहावं कळत नाही. आपल्यालाही बळजबरीने बाटवतील या भीतीने तिचं मन ढळलं, आणि इंग्लंडला आल्यावर काही महिन्यांतच तिने जीव दिला. मॅक्स म्युलरनी लिहून ठेवलंय की नंतर रमाबाई त्यांच्याकडे ऑक्सफर्डला राहायला आल्या तेव्हा त्या रात्री एकट्या झोपू शकत नव्हत्या. रमाबाई पुढे ज्या हट्टाने ‘माझ्या मनावर कुणाची सक्ती नको’ म्हणत राहिल्या, त्या हट्टामागे ही मैत्रीण उभी आहे असं मला वाटतं. पुरावा नाही माझ्याकडे.

*

चेल्टनहॅम लेडीज कॉलेज हे मुलींच्या शिक्षणातलं त्या काळचं मोठं नाव. मुख्याध्यापिका डोरोथिया बील, १८५८पासून तिथे. म्हणजे रमाबाईंचं जितकं वय तितकी त्यांची तिथली नोकरी. रमाबाईंना कमी ऐकू येत होतं, त्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मागे पडलं होतं. मग त्या गणित, शास्त्र, इंग्रजी शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. दिवसभर वर्ग, रात्री अभ्यास. मनोरमा वॉन्टेजला सिस्टरांकडे. हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही हे दिवस डोळ्यांपुढे आणता येतील, फक्त यात तीन-चार वर्षांची लेक लांब ठेवलेली आहे एवढं त्यात घालायचं.

वाद सुरू झाले ते जेवणावरून. रमाबाई मांस-मासे खात नसत. जेराल्डीनना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झालीस तर हा अहंकार सोड. रमाबाईंचं उत्तर वाचताना मी खोलीत एकटा हसलो. त्यांनी लिहिलं साधारण असं, की हो, तुम्हाला हवं तर माझा अहंकार पुडिंगात शोधा, दुधालोण्यात शोधा, बुटामोज्यांत शोधा. जातीचे सगळे संस्कार माझ्यातून गेलेत असा माझा दावा नाही. पण एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कोण गर्विष्ठ म्हणतं?

हा प्रश्न आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारता येतो. टिकली लावायची की नाही, दिवाळीच्या फराळाला हात लावायचा की नाही, मुलाचं नाव सॅम्युएल ठेवायचं की संदीप. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं का, याचं उत्तर रमाबाईंनी दिलं ते कुठल्या परिषदेत नाही. जेवणाच्या ताटावर दिलं.

दुसरा वाद मोठा होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा एक प्रस्ताव पुढे आला. लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी नाही म्हटलं. कारण असं की त्या हिंदुस्थानात परत गेल्यावर पुरुषांना शिकवल्याचा बभ्रा झाला तर तिथल्या लोकांत त्यांची किंमत राहणार नाही. गंमत बघा. कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत बोललेली बाई, देशभर पुराणिक म्हणून शेकडो पुरुषांपुढे बसलेली बाई, आणि तिला हिंदुस्थानी लोकांना काय चालतं हे विलायती बिशप सांगतायत. रमाबाईंनी अगदी हेच लिहिलं. माझे वडील, माझा भाऊ, माझा नवरा यांनी मला जे स्वातंत्र्य दिलं ते तुम्ही काढून घेणार का, असा त्या पत्राचा सूर आहे. शिकवायला मिळालं नाही ते नाहीच.

आणि मग तिसरा, ज्याच्यासाठी मी रात्र जागलो. अँग्लिकन मंडळीत अथानासियसचा मतांगीकार उपासनेत म्हणत. त्यात त्रैक्याची काटेकोर मांडणी आहे आणि जो हे असं मानणार नाही त्याचं तारण नाही असं बजावलेलं आहे. रमाबाई म्हणाल्या, मी हे म्हणणार नाही. माझा देवावर विश्वास आहे, ख्रिस्तावर विश्वास आहे, त्याने शिकवलं तसं जगायची माझी इच्छा आहे. पण हे वाक्य बायबलात कुठे आहे ते मला दाखवा. मंडळीने ठरवलंय हे कारण मला पुरणार नाही. ख्रिस्ताच्या कुमारीजन्माबद्दलही त्यांनी शंका काढल्या. एवढंच काय, दुसऱ्या पंथांच्या चर्चमध्येही त्या जाऊन बसू लागल्या. जेराल्डीनना ते अजिबात आवडलं नाही.

माझ्या सिनिअरने म्हटलं असतं, उपास कर. जेराल्डीननी म्हटलं, हा अहंकार आहे, नम्र हो, तुझ्यापेक्षा जाणत्यांचं ऐक. १२ मे १८८५च्या पत्रात रमाबाईंनी याला जे उत्तर दिलं ते त्यांच्या सगळ्या लिखाणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आशय असा. मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, माझं मत आहे. ते वापरायचं स्वातंत्र्य देवानेच दिलंय. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी फार कष्टाने मानेवरून काढून टाकलंय. आता तुमच्या पुरोहितांनी सांगितलं म्हणून तसलंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही.

याला बंड म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि अनेकांनी तसं केलंय. रमाबाई म्हणजे दोन्ही धर्मांना आव्हान देणारी पहिली स्त्रीवादी वगैरे. ते खोटं नाही. पण ती पत्रं सलग वाचली तर दिसतं की ही बाई देवापासून लांब चाललेली नाही. ती बायबल उघडून बसलीय. शंका आली की पळत नाही, ओळ शोधते, ओळीला ओळ लावते, पत्र लिहिते, उत्तर आलं की पुन्हा वाचते. वडिलांनी तिला शास्त्र असंच शिकवलं होतं, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. मला हे डीबगिंगसारखं वाटलं असं लिहिणार होतो, पण नको. कोडमधली चूक सापडली नाही तर माझी फार तर रात्र जाते. इथे राहतं छप्पर, लेकीची सोय, परदेशातली एकुलती एक माणसं पणाला लागली होती.

लेकीचाच चौथा वाद. मनोरमेला सिस्टर आपल्या पद्धतीने वाढवत होत्या. आईने लिहिलं की तिला देव शिकवा, पण जे मलाच पटलेलं नाही ते तिच्या तोंडी घालू नका. धर्ममाता म्हणून जेराल्डीनना वाटत होतं की हा आपला हक्कच नाही तर कर्तव्य आहे. दोघींचंही त्या पोरीवर अतोनात प्रेम. इथली पत्रं वाचवत नाहीत.

जेराल्डीनना खलनायिका करून ठेवावं असं मला पहिल्या वाचनात वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना नाही वाटलं. त्या आजारी असायच्या, त्यांना हिंदुस्थान थोडाफार माहीत होता, आणि ही अफाट बुद्धीची बाई आपल्या हातून निसटून नरकात जाईल ही त्यांची भीती खरी होती. शिवाय एक गोष्ट आहे. ही सगळी पत्रं, ज्यांत त्या स्वतः अनेकदा वाईट दिसतात, त्यांनीच सांभाळून ठेवली. जाळली असती तर आज कुणाला पत्ताही लागला नसता.

डोरोथिया बील मात्र वेगळं वागल्या. काही वर्षांपूर्वी त्या स्वतः श्रद्धेच्या एका काळ्या पट्ट्यातून गेल्या होत्या. त्यामुळे असेल, त्यांनी सिस्टरांना कळवलं की हिला दटावून काही होणार नाही, हिच्याशी विचारानेच बोलावं लागेल. रमाबाई त्यांच्यापाशी बसून प्रश्न विचारायच्या. बील यांची उत्तरं दर वेळी पटायचीच असं नाही. पण प्रश्न विचारल्याबद्दल तिथे कुणी तोंड फिरवत नव्हतं. कॉलेजात असं एक माणूस मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याला मिळालं नाही त्याला विचारा.

*

१८८६च्या सुरुवातीला रमाबाई लेकीला घेऊन अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, तो सोहळा बघायला. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. आनंदी आणि रमा एकमेकींच्या लांबच्या नातलग. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. चेल्टनहॅमचं शिक्षण तिथेच थांबलं. मनोरमेला मात्र त्यांनी परत वॉन्टेजला पाठवलं, त्याच आजीबाईंकडे. इतकं भांडण होऊन. हे मला अजून पूर्ण उमगलेलं नाही.

अमेरिकेत त्यांनी १८८७मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक छापलं, पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आनंदीबाईंच्या पदवीची तीच तारीख. सदनात हिंदू विधवांना त्यांचे आचार पाळायची मोकळीक होती. पहिल्या मुलींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली.

आणि आता खरी गंमत. जगाच्या लेखी एव्हाना रमाबाई पक्क्या ख्रिस्ती. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झालेली, दोन खंडांत भाषणं झालेली. पण १९०७मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की त्यांना तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इंग्लंडात त्यांनी एवढे पंथ पाहिले होते, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, की डोकं चक्रावलं होतं. बुद्धीला पटेल तेवढं त्या घेत गेल्या आणि आत कुठेतरी भूक राहिली. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम बरीच वर्षं चर्च चालवत होता, आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यात त्याला जाणवलं की हे मी दुसऱ्यांना सांगतोय ते मला कधी झालेलंच नाही. ते वाचून रमाबाई थांबल्या. मग त्यांनी कुठलाही नवा सिद्धांत मागितला नाही. आहे तशी मी, माझ्या पापासकट, मला पदरात घे, एवढंच मागितलं. पुढे त्या म्हणत राहिल्या की त्या दिवसांत त्यांना शांती मिळाली.

माझा सिनिअर हे वाचून म्हणेल, बघ, शेवटी शरण जावंच लागलं. मला तसं दिसत नाही. चेल्टनहॅममध्ये ज्या गोष्टींना त्यांनी नाही म्हटलं त्यांतली एकही त्यांनी जेराल्डीनच्या दटावणीमुळे स्वीकारली नाही. पुढे त्रैक्यही मानलं, पण स्वतः बायबलातून जाऊन. कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात त्यांनी आपलं काम कधी दिलं नाही. आणि मांसाहार काही सुरू केला नाही.

एक अडचण मात्र झाकून ठेवता येत नाही. १८९१नंतरच्या रमाबाई पहाटे खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. यावरून १८९३मध्ये ‘केसरी’ने हल्ला चढवला आणि रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार उघडं ठेवणं ही सक्ती नव्हे, हे रमाबाईंचं म्हणणं मला पटतं. पण जिने अन्न दिलं, डोक्यावरचे केस वाढू दिले, त्या बाईच्या प्रार्थनेत जाऊन बसणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ‘नाही’ म्हणणं कितपत सोपं होतं? चेल्टनहॅमची रमा तिथे विद्यार्थिनी असती तर तिने हा प्रश्न नक्की विचारला असता. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आल्या, मुक्ती उभं राहिलं, आणि १९०५मध्ये तिथे जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. त्या आवाजात एखादी गप्प बसलेली, शंका असलेली मुलगी होती का? असेल तर तिच्यासाठी डोरोथिया बील कोण होतं?

*

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. मराठी बायबल आधीपासून होतं. त्यांना ते जड वाटायचं, संस्कृत शब्दांनी भरलेलं, शिवाय काही शब्दांना आधीच दुसऱ्या धर्मकल्पना चिकटलेल्या. महाराष्ट्रातल्या त्यांच्याइतकं संस्कृत जाणणाऱ्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नसतील. त्यांनीच ठरवलं की हे खेड्यातल्या बाईला वाचता यावं. त्यासाठी साठीच्या दिशेने जाताना मूळ हिब्रू आणि ग्रीक धरून बसल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यातल्या मुली आणि बायका करत. त्यांतल्या कित्येक दुष्काळात अक्षरओळखही नसताना आल्या होत्या.

मनोरमा शिकून परत आली होती, आईच्या हाताखाली मुक्ती चालवत होती. १९२१मध्ये ती गेली. चाळीस वर्षांची. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. छापलेलं बायबल १९२४मध्ये बाहेर आलं.

गेल्या वर्षी मी पुण्याहून सोलापूरच्या गाडीने जात होतो. केडगाव स्टेशन आलं. उतरायचं असं काही ठरलं नव्हतं, पण उतरलो. बराच वेळ फलाटावरच्या बाकावर बसलो, फोन काढला, योहानाचा चौथा अध्याय उघडला, विहिरीवरच्या बाईचा. पूर्ण वाचला. मग कितीतरी वर्षांनी, कुणाला मोठ्याने ऐकू जाणार नाही अशा बेताने, तोच जुना त्रैक्याचा प्रश्न पुन्हा विचारला. पुढची गाडी यायला चाळीस मिनिटं होती.